सोलरचं पाणी वर कढत, खाली कोमट: जुनं सोलर दुरुस्त करावं की काढून टाकावं?

मांजराकाठ (लातूर)

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहितेय, अर्धवट माहितीवर कुणी काय सांगणार.

आमचं घर जुनं, तळमजला आणि वर एक मजला. सासऱ्यांनी २०११ मध्ये गच्चीवर ३०० लिटरचं सोलर बसवलं, काचेच्या ३० नळ्यांचं. तिथून एकच लाइन निघते आणि वरची न्हाणी, खालच्या दोन न्हाण्या, स्वयंपाकघरातलं सिंक, सगळ्यांना गरम पाणी देते. घरात सात माणसं. इतकी वर्षं चांगलं चाललं.

आता तक्रारी अशा आहेत. वरच्या न्हाणीत पाणी बऱ्यापैकी गरम येतं, खाली मात्र कोमट. संध्याकाळी ठीक असतं, सकाळी सहाला उतरलेलं असतं. गरम नळ सोडला की आधी फुसफुस करत हवा येते, मग पाणी उडत उडत येतं. सोलरच्या खाली स्लॅबवर कायम ओल. आणि ज्याचं मला सगळ्यात नवल वाटतं ते म्हणजे कधी कधी पहाटे थंड नळालाही कोमट पाणी येतं. डिसेंबरात!

विकणाऱ्याकडचा माणूस येऊन पाहून गेला. "टाकी गेली, नळ्या गेल्या, सगळं नवीन घ्या," म्हणाला. त्यानं ना एक नळी काढून पाहिली, ना पाण्यात थर्मामीटर बुडवलं. सासरे म्हणतात, अजून दहा वर्षं हलत नाही. मला दोघांच्याही नुसत्या शब्दावर जायचं नाही. तपासायला सुरुवात कुठून करू?

उदगीरनाका

ताई, इतकी वर्षं झाली म्हणजे पैसे वसूल झाले. जुन्यात हात घातला की एक नीट करताना दुसरं निघतं. मी तर सरळ नवीन घेईन.

थर्मोसायफन (परभणी)

नवीन घ्यायला कधीही घेता येईल. आधी काय बिघडलंय ते कळू द्या, कारण तुम्ही लिहिलेल्यातल्या निम्म्या तक्रारी टाकीच्या नाहीतच असं मला वाटतंय. पाइपातला दोष तसाच राहिला तर नवीन सोलरचंही पाणी खाली कोमटच येणार.

पहिलं काम मोजायचं. दूध डेअरीत वापरतात तसलं शंभर अंशांपर्यंतचं साधं थर्मामीटर घ्या. दुपारी साडेचारला गच्चीवर सोलरच्या गरम आउटलेटजवळ, मग वरच्या न्हाणीत, मग खाली, अशा तीन ठिकाणी पाणी थोडं वाहू देऊन मोजा. तेच परत पहाटे सहाला, कुणी आंघोळीला जायच्या आत. हे सहा आकडे इथे टाका.

दुसरं, नळ्यांची खालची टोकं पाहा. चांगल्या नळीचं टोक आरशासारखं चंदेरी असतं. आतली निर्वात पोकळी गेली की ते दुधासारखं पांढरं होतं. उन्हात हात लावूनही कळतं: चांगली नळी आत पाणी तापलेलं असूनही बाहेरून थंड लागते, गेलेली नळी चटका देते.

तिसरं, गच्चीवरची सगळी जोडणी शब्दांत लिहा. थंड पाण्याची टाकी सोलरपेक्षा किती उंच, मध्ये एनआरव्ही (पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) आहे का, सोलरच्या टाकीवर उभा हवेचा पाइप आहे का, आणि त्याचं तोंड उघडं आहे का.

तुराटी (औसा)

आमच्याकडे अजून तांब्याचा बंब आहे. तुराट्या, पऱ्हाट्या घरच्याच, पाणी कसं झकास तापतं. पण सुनेला धुराचा त्रास होतो म्हणून यंदा सोलर घ्यायचं चाललंय. बोअरचं पाणी लई जड आहे, भांड्याला पांढरा थर धरतो. असल्या पाण्यावर सोलर टिकतं का? धाग्यावर लक्ष ठेवून आहे.

मांजराकाठ (लातूर)

थर्मोसायफन काका, मोजलं. साडेचारला गच्चीवर ६१ अंश, वरच्या न्हाणीत ५८, खाली ४१. सकाळी सहाला गच्चीवर ४६, वर ४४, खाली ३३.

नळ्यांपैकी चार पांढऱ्या पडल्यात. बाकीच्यांची टोकं चंदेरी आहेत, फक्त धूळ खूप होती, ती पुसली.

जोडणी अशी. सोलर बसवलं तेव्हा शेजारच्या कमी उंचीच्या चौथऱ्यावर ५०० लिटरची टाकी होती, तिच्यातून पाणी यायचं. २०१६ च्या दुष्काळात, मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात, साठवण वाढवावी म्हणून सासऱ्यांनी लोखंडी घोडा करून त्यावर २००० लिटरची मोठी टाकी चढवली आणि सोलर तिलाच जोडलं. तिची पाण्याची पातळी सोलरच्या टाकीपेक्षा अंदाजे नऊ-दहा फूट वर असेल. जुनी टाकी अजून तिथेच आहे, कुंड्यांना पाणी घालायला वापरतो. एनआरव्ही आहे, पितळी, पहिल्यापासूनचा. हवेचा पाइपही आहे, पण त्याला वरून टोपण बसवलंय. मोठी टाकी बसवल्यावर त्यातून सारखं पाणी सांडायला लागलं, म्हणून तेव्हाच्या प्लंबरनं बंद करून दिला.

आणखी एक, कामाचं आहे की नाही ठाऊक नाही. गेल्या वर्षी दिरांनी खालची एक न्हाणी नव्यानं करून घेतली. तिथल्या थंड लाइनीला छोटा प्रेशर पंप आहे. तो रात्री कुणी नळ न सोडताही मधूनमधून घुर्र करून चालू होतो आणि थांबतो. पंपवाल्यानं त्याचा स्विच बदलून दिला, तरी तसंच.

थर्मोसायफन (परभणी)

ताई, शेवटचा परिच्छेद सगळ्यात कामाचा आहे.

आधी आकड्यांकडे बघू. चार नळ्या गेलेल्या असूनही साडेचारला ६१ म्हणजे तुमचं सोलर तापवतंय, आणि चांगलं तापवतंय. ३०० लिटर पाणी २२ अंशांवरून ६१ वर न्यायला साडेतेरा युनिट उष्णता लागते (लिटर गुणिले अंश भागिले ८६०). एवढी वीज गीझरनं रोज खाल्ली असती. ज्याला "गेलं" म्हटलं ते रोज एवढं काम करतंय.

पण रात्रीत १५ अंश पडले. पफ, म्हणजे टाकीभोवतीचा उष्णता धरून ठेवणारा फोम, कोरडा असेल तर एवढ्या टाकीचं पाणी रात्रभरात पाचेक अंशांनी उतरावं. शिवाय त्याच वेळी, एकाच लाइनीवर, वर ५८ आणि खाली ४१. पाइपात वाटेवर एवढी उष्णता जात नाही. खालच्या लाइनीत थंड पाणी मिसळतंय.

कुठून मिसळतंय ते पाहायची खात्रीची रीत सांगतो. गच्चीवर सोलरच्या गरम आउटलेटचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद करा. वरच्या न्हाणीतला गरम नळ उघडा ठेवा म्हणजे लाइनीत हवा शिरेल. मग खालचा गरम नळ सोडा. लाइनीतलं उरलेलं पाणी उतरून धार थांबली पाहिजे. थांबली नाही तर गरम लाइनीत थंड पाणी घुसतंय. मग एकेका न्हाणीतल्या मिक्सरचा थंड अँगल कॉक (भिंतीवरची छोटी चावी) बंद करत जा. ज्यानं धार थांबेल, तो मिक्सर चोर.

माझा संशय दिरांच्या न्हाणीवर आहे. तिथे हातात धरायचा, बटण दाबून सोडायचा शॉवर आहे का? असेल तर माणसं मिक्सरचे दोन्ही नॉब उघडे ठेवून शॉवर फक्त बटणानं बंद करतात. मग गरम-थंड दोन्ही लाइनी मिक्सरच्या पोटात एकमेकींना जोडलेल्या राहतात. थंड बाजूला पंपाचा दाब, गरम बाजूला नुसता गच्चीचा. थंड पाणी गरम लाइनीत उलटं चढतं, थेट सोलरच्या टाकीत वरून शिरतं. तिथून टाकीच्या बुडाच्या थंड इनलेटमधून बाहेर पडतं, आणि एनआरव्ही अडकला असेल तर मागे मोठ्या टाकीत. म्हणून तुमच्या थंड नळाला पहाटे कोमट पाणी, आणि म्हणून पंपाची रात्रीची घुरघुर.

मांजराकाठ (लातूर)

काका, हात जोडते. व्हॉल्व्ह बंद केल्यावरही खालची धार थांबली नाही. दिरांच्या न्हाणीतला थंड कॉक बंद केला आणि दोन मिनिटांत धार बारीक होत थांबली. शॉवर बटणाचाच आहे, आणि दोन्ही नॉब उघडेच होते.

म्हणजे एनआरव्ही बदलला की झालं ना? उद्या प्लंबरला बोलावते.

थर्मोसायफन (परभणी)

थांबा! एनआरव्ही आत्ता बदलू नका. आधी हवेचा पाइप उघडा.

हे मी जीव तोडून सांगतोय. तुमची टाकी बिनदाबाची आहे, काचेच्या नळ्या नुसत्या रबरी रिंगेवर बसलेल्या. हवेचा पाइप बंद आहे. मिक्सरमधून पंपाचा दाब टाकीत येतोय आणि बिघडलेल्या एनआरव्हीतून निघून जातोय. आज तो बिघडलेला एनआरव्हीच तुमची टाकी वाचवतोय. तिथे नवा, घट्ट बसणारा एनआरव्ही लावलात आणि कुणी शॉवर तसाच ठेवला, तर पाण्याला बाहेर जायला एकही वाट उरणार नाही. नळ्या रिंगांतून निसटतील नाहीतर टाकीची शिवण उघडेल. उन्हाळ्यात पाणी उकळतं तेव्हा वाफेचंही तेच. उलट टाकी रिकामी करताना हवा आत जायला जागा नसेल तर पातळ पत्रा आतल्या आत चेपतो.

तुमची फुसफुसही यातलीच. पाणी तापलं की त्यात विरघळलेली हवा सुटते. ती हवेच्या पाइपानं वर जायची, आता नळावाटे येते.

तेव्हा क्रम असा धरा: पहिल्यांदा मिक्सरचे दोन्ही नॉब बंद ठेवायची घरात सगळ्यांना सक्त ताकीद. मग हवेचा पाइप. एनआरव्ही त्याच्यानंतर.

गोदातीर (नांदेड)

माझं प्लंबिंग मटेरियलचं दुकान आहे, म्हणून दोन शब्द. हवेच्या पाइपाचं टोपण काढलं तर पाणी परत सांडणार, कारण मोठ्या टाकीची पातळी त्याच्या तोंडाच्या वर गेलीय. दोन उपाय आहेत. एक, तो पाइप मोठ्या टाकीच्या भरलेल्या पातळीच्याही दीड-दोन फूट वर न्यायचा. साधा पीव्हीसी लावू नका, वाफेनं वाकतो, सीपीव्हीसी (गरम पाण्याचा प्लास्टिक पाइप) किंवा जीआय (लोखंडी) लावा. आणि भिंतीला क्लॅम्प मारा, गच्चीवरच्या वाऱ्याला उभा पाइप टिकत नाही.

दुसरा उपाय मला जास्त पटतो. तुमची जुनी ५०० लिटरची टाकी जागेवर आहे. मोठ्या टाकीतून तिच्यात फ्लोट व्हॉल्व्ह (टाकी भरली की आपोआप बंद होणारा) लावून पाणी घ्या आणि सोलर परत तिलाच जोडा. मेकअप टाकी, म्हणजे सोलरला थंड पाणी पुरवणारी छोटी टाकी, म्हणून लोक ५० लिटरची वेगळी विकत घेतात, तुमच्याकडे आयती आहे. सोलरवरचा दाब पूर्वीइतका होईल, हवेचा पाइप आहे त्या उंचीवर चालेल. रिंगा गळायचं कारणही बहुतेक हा वाढलेला दाबच आहे. दहा फूट पाणी म्हणजे चौरस सेंटिमीटरला ०.३ किलो. ऐकायला कमी वाटतं, पण जुन्या कडक झालेल्या रबराला पुष्कळ होतं.

तोटा एकच, वरच्या मजल्यावर गरम पाण्याची धार बारीक होईल. ते आधी घरात सांगून ठेवा, नाहीतर नंतर बोल लागतो.

आणि दिरांच्या मिक्सरच्या मागे, गरम आणि थंड दोन्ही अँगल कॉकवर अर्ध्या इंची छोटे एनआरव्ही टाका. नुसत्या ताकिदीवर घर चालत नाही, पाहुणे येतात, पोरं असतात.

अंबानगरी (मूळ अंबाजोगाई, सध्या लीड्स)

फार छान धागा. इकडे इंग्लंडात आमचं घर जुनं आहे आणि बॉयलरवर चालणारी सेंट्रल हीटिंग आहे, म्हणजे गरम पाणी खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरमधून फिरतं आणि परत बॉयलरला येतं. तिथेही असंच एकेक टप्पा हातानं चाचपत जावं लागतं. रेडिएटर वर थंड, खाली गरम असेल तर आत हवा अडकलेली असते. बाजूचा स्क्रू छोट्या चावीनं सैल करून, पाणी येईपर्यंत ती सोडायची. खाली थंड, वर गरम असेल तर तळाशी काळा गाळ बसलाय. तो लोखंडाचाच असतो, म्हणून रिटर्न पाइपावर लोहचुंबकाचा फिल्टर बसवतात. एकच रेडिएटर पूर्ण थंड असेल तर बहुतेक वेळा त्याच्या व्हॉल्व्हची पिन अडकलेली असते. बॉयलरजवळचे रेडिएटर तापतात आणि लांबचे तापत नाहीत, तेव्हा जवळच्यांचे व्हॉल्व्ह थोडे आवळून पाणी लांब ढकलायचं. बॉयलर थंड असताना दाबाचा काटा साधारण १ ते १.५ बारवर हवा. सारखा खाली येत असेल तर कुठेतरी गळती आहे, नुसतं पाणी भरत राहून भागत नाही. गॅसला मात्र हात लावायचा नाही, त्याला नोंदणी असलेला माणूसच लागतो.

आमच्या योगेश्वरीच्या गावात थंडी असते पण पाइपातलं पाणी गोठत नाही, हे तुमचं भाग्य. इकडे गोठून पाइप फुटतात.

पैठणगेट (छत्रपती संभाजीनगर)

विजेबद्दल अजून कुणी बोललं नाही. ताई, तुमच्या टाकीत ढगाळ दिवसांसाठी हीटर कॉइल आहे का? टाकी रिकामी करायच्या आधी तिचा नुसता स्विच बंद करून थांबू नका, एमसीबीही पाडा. पाण्याबाहेर कॉइल मिनिटांत जळते.

दुसरं, त्या सर्किटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) हवाच. जड पाण्यात कॉइलवर थर बसतो, ती आतून जास्त तापते आणि तडकते. मग करंट पाण्यात. घरभर एकच गरम लाइन असेल तर तो सगळ्या नळांवर येऊ शकतो. आणि आपल्याकडचं अर्थिंग उन्हाळ्यात तपासून घ्या. मुरमात घेतलेला खड्डा मार्च-एप्रिलमध्ये ठणठणीत कोरडा पडतो, त्यात पाणी ओतत राहावं लागतं. पाणीटंचाईत तेवढंच नेमकं कुणी करत नाही.

मांजराकाठ (लातूर)

पैठणगेट दादा, कॉइल आहे, आरसीसीबी नव्हता. काल बसवून घेतला. बसवल्या बसवल्या पडला! इलेक्ट्रिशियननं कॉइल सुटी केली तेव्हा टिकला. कॉइल बाहेर काढली तर पांढऱ्या थरानं मनगटाएवढी जाड झालेली आणि एका जागी चीर. म्हणजे आम्ही पावसाळाभर त्याच पाण्यानं आंघोळी केल्या. अंगावर काटा आला.

बाकीचं काम रविवारी करायचं ठरलंय. टाकी रिकामी होणारच आहे तर आतून साफ कशी करावी? नळाला आठवड्यातून एकदाच पाणी येतं, म्हणून सोलरलाही बोअरचंच जातं. भूजल सर्वेक्षणाच्या प्रयोगशाळेत तपासून घेतलं, बोअरची कठिणता ६४० आली, नळाच्या पाण्याची १८०.

थर्मोसायफन (परभणी)

६४० म्हणजे पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात दुसरा पर्याय नसताना चालवून घ्यायची जी शेवटची मर्यादा आहे, लिटरला ६०० मिलिग्रॅम, तिच्याही वर. पाणी तापलं की त्यातला विरघळलेला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट बाहेर पडून बसतं. जितकं जास्त तापवाल तितकं जास्त बसतं. लिटरमागे १०० मिलिग्रॅम जरी बसलं असं धरलं, तरी रोजच्या २५० लिटरला २५ ग्रॅम, वर्षाला ९ किलो. यातलं काही वाहून जातं, काही नळ्यांच्या तळाला चिखल होऊन साठतं.

तुराटीताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर यातच आलं. तांब्याच्या पाइपांचं सपाट काचपेटीवालं सोलर असल्या पाण्यावर घेऊ नका. त्याचे उभे पाइप अर्ध्या इंचाचे असतात, चोंदले की पाणी फिरायचं थांबतं. काचेच्या नळ्या रुंद असतात, साफ करता येतात. पैसे जास्त घालायची तयारी असेल तर हीट एक्स्चेंजरवालं घ्या. त्यात सोलरमध्ये फिरणारं पाणी तेच तेच राहतं आणि वापरायचं पाणी वेगळं तापतं. थर तिथेही बसतो, पण कलेक्टर वाचतो.

मांजराकाठ ताई, साफसफाई अशी करा. काम सूर्य उगवायच्या आत सुरू करा किंवा नळ्यांवर आदल्या संध्याकाळीच गोधडी नाहीतर ताडपत्री टाका. रिकामी नळी उन्हात २०० अंशांच्या वर जाते. तिच्यात गार पाणी पडलं की तडकलीच. लातुरात उन्हाळ्यात असंच होतं: टाकी कोरडी पडते, टँकर भर दुपारी येतो, घाईनं पाणी चढवतात आणि चार-सहा नळ्या एकदम फुटतात. पाणी आलं तरी सोलरचा व्हॉल्व्ह सूर्य मावळून नळ्या निवेपर्यंत बंद ठेवायचा. एवढं पाळलं तर नळ्यांना मरण नाही.

नळी काढताना वरच्या रिंगेला साबणाचं पाणी लावा आणि ती गोल गोल फिरवत ओढा. सरळ जोर लावू नका. आतला गाळ ओतून, लिंबूसत्व म्हणजे सायट्रिक ॲसिड कोमट पाण्यात कालवून तासभर भरून ठेवा, फेस येईल, मग दोनदा धुवा. टाकीलाही तेच. संडासाचं ॲसिड टाकीत अजिबात घालू नका. ते हायड्रोक्लोरिक असतं, स्टीलला बारीक बारीक भोकं पाडतं. आणि टाकीच्या टोकाला मॅग्नेशियमची कांडी असते, ती काढून पाहा. टाकीऐवजी आधी स्वतः झिजायचं एवढंच तिचं काम.

गळती नेमकी कुठली तेही त्या आधी बघून घ्या. टाकी भरलेली असताना प्रत्येक नळीच्या मानेभोवती कोरडा वर्तमानपत्राचा तुकडा गुंडाळा. जो भिजेल ती रिंग गेली. सगळे कोरडे राहिले आणि तरी बाहेरच्या पत्र्याच्या सांध्यातून पाणी झिरपत असेल, पत्रा फुगला असेल, तर आतली टाकी गेली. तसं निघालं तर मी स्वतः म्हणेन, नवीन घ्या. वेल्डिंग करून मिळतं, पण त्या पातळ पत्र्यावर ते टिकत नाही.

उदगीरनाका

मी आधी नवीन घ्या म्हणालो होतो, पण हे वाचून आमच्या नव्या सोलरचा हवेचा पाइप पाहायला गच्चीवर जाऊन आलो. उघडा आहे. पण त्याच्या तोंडात गांधीलमाशीनं मातीचं घर केलंय. काढू का?

थर्मोसायफन (परभणी)

आजच काढा. आणि तोंड खाली वळवून त्यावर बारीक जाळी बांधा, बंद मात्र होऊ देऊ नका.

मांजराकाठ (लातूर)

झालं एकदाचं. जसं निघालं तसं लिहिते, पुढे कुणाला उपयोग होईल.

वर्तमानपत्राचे पाच तुकडे भिजले, बाकी कोरडे. पत्र्याच्या सांध्याला ओल नाही. म्हणजे टाकी शाबूत! सासऱ्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. गंजगोलाईच्या बाजारातून सगळ्याच रिंगा नव्या आणल्या, पाचसाठी अर्धवट काम कशाला. चार पांढऱ्या नळ्या बदलल्या. प्रत्येक नळीच्या तळातून ओलं खडूच्या भुकटीसारखं निघालं, काहींत वीतभर उंचीपर्यंत. हातात घेऊन चोळलं तर आत खरखरीत कण होते. लिंबूसत्वानं ते फसफसत विरघळलं. मॅग्नेशियमच्या कांडीची आतली तार तेवढी उरली होती, नवीन टाकली.

मग क्रमानं: सोलर परत जुन्या टाकीला जोडलं, तिला फ्लोट लावला, हवेच्या पाइपाचं टोपण काढलं आणि पाणी भरून बघितलं, सांडलं नाही. त्यानंतर एनआरव्ही. जुना उघडला तर आतलं झाकण क्षारानं अर्धवट उघडं अडकून दगड झालेलं. दिरांच्या मिक्सरला दोन छोटे एनआरव्ही. नवीन कॉइल, आरसीसीबीसकट.

आजचे आकडे: साडेचारला गच्चीवर ६४, वर ६१, खाली ५९. सकाळी सहाला गच्चीवर ५९, खाली ५४. पंप रात्रभर गप्प. नळाला हवा नाही.

गोदातीर दादा म्हणाले तसं वरच्या न्हाणीत गरम पाण्याची धार बारीक झालीय, शॉवरखाली जाणवते. बादलीला चालतं. सगळा खर्च नवीन सोलरच्या पाव किमतीच्याही आत झाला.

एक प्रश्न राहिला. खाली गरम पाणी यायच्या आधी बरंच थंड वाहून जातं. आमच्याकडे तेवढंही पाणी मोलाचं आहे. काही करता येईल?

गोदातीर (नांदेड)

तुमची लाइन पाऊण इंची असेल तर मीटरला साधारण ३०० मिलिलिटर पाणी बसतं. वीस मीटर लाइन म्हणजे सहा लिटर, ते रात्रभर पाइपात थंड होतं. हे कुठल्याही सोलरला होणारच, जुनं असो की नवं. गच्चीवरच्या उघड्या पाइपाला काळी नायट्रिल फोमची नळी चढवा, वरून ॲल्युमिनियमची टेप, नाहीतर उन्हानं वर्षभरात फोमचा भुगा होतो. त्यानं एका पाठोपाठ आंघोळी होतात तेव्हा फायदा दिसेल. पहिल्या सहा लिटरांना मात्र बादलीच लावायची. सकाळी पहिली आंघोळ स्वयंपाकघराच्या बाजूच्या न्हाणीत करायची ठेवलीत तर तेच पाणी पुढे भांड्यांना जातं.

वरच्या धारेसाठी शॉवरची जाळी काढून लिंबूसत्वात घाला. ६४० च्या पाण्यानं ती निम्मी बुजलेली असणार. आणि आता सोलरची टाकी वेगळी झालीच आहे, तर नळाचं पाणी येईल त्या दिवशी ते हौदातून जुन्या टाकीतच चढवायची सोय करा, बोअरचं फक्त संडासाला आणि धुण्याला. रिंगा, कॉइल, कांडी, सगळंच त्यानं जास्त टिकेल.

मांजराकाठ (लातूर)

हौदावरच्या मोटरीला एक टी (तीन तोंडांचा जोड) आणि दोन बॉल व्हॉल्व्ह टाकले की जमेल असं प्लंबर म्हणतोय. शनिवारी पाण्याची पाळी आहे, त्याच्या आत करून घेते. शॉवरची जाळी आताच भिजत घातली.

तुराटी (औसा)

आम्ही नळ्यांचंच घ्यायचं नक्की केलं. गच्चीच्या दक्षिणेला शेजाऱ्याचं कडुनिंब आहे, दहा-बारा फूट वर येतं. चालेल का?

थर्मोसायफन (परभणी)

डिसेंबरात आपल्याकडे भर दुपारीसुद्धा सूर्य ४८ अंशांच्या आसपासच चढतो. झाड गच्चीच्या वर बारा फूट असेल तर दुपारी बाराला अकरा फूट सावली पडेल, सकाळी नऊला त्याच्या दुपटीच्या आसपास. सोलर झाडापासून पंचवीस फूट उत्तरेला सरकवता आलं तर चांगलं. जागा नसेल तर शेजाऱ्याशी बोलून दिवाळीनंतर फक्त गच्चीच्या वरच्या फांद्या छाटून घ्या, झाड तोडू नका. आणि नळ्यांचा उतार तीस-पस्तीस अंशांचा ठेवायला सांगा, बसवणारे घाईत सपाट टाकतात आणि मग थंडीतच पाणी कमी तापतं.